मागच्या घाण्यातला एक मग

४ मे

चि. टोस्टला,
ताईचे आशीर्वाद. त्यातले निम्मे तुझ्या अक्षराला, कारण त्याला जास्त गरज आहे.

तुझं पत्र आणि नमुन्याची बाटली दोन्ही पोचलं. बाटलीच्या झाकणाला तू एवढं मेण फासलं होतंस की ते काढताना माझं नख तुटलं. पण तक्रार नाही. भाजीवाल्याकडे मुद्दाम किडका कोबी मागितला, तेव्हा त्याने मला आधी नीट न्याहाळलं आणि मग फुकट दिला. त्यातल्या अळ्या निवडून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या आणि तुझ्या पाण्यात बुडवलेली पानं त्यांना खायला घातली. रात्रीतून त्यांचं खाणं थांबलं. मग त्या मलूल झाल्या, काळवंडल्या आणि पानांना लोंबत राहिल्या. माझ्या घरात एवढं मरण पाहून मी इतकी खूश होईन असं कधी वाटलं नव्हतं.

मग कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली एक थेंब ठेवला. लंबगोल बीजाणू, आणि त्यांच्या शेजारी हिऱ्याच्या आकाराचे बारीक स्फटिक. तो स्फटिक म्हणजेच आपलं औषध, हे लक्षात ठेव. जिवाणू हा नुसता कारागीर. अळीच्या पोटात तो स्फटिक विरघळतो आणि तिचं आतडं निकामी करतो. माणसाला, गुराला, मधमाशीला तो काही करत नाही. मोठ्या कंपन्या हेच काम चकचकीत टाक्यांत करतात आणि तू ते बाबांच्या पीठ भिजवायच्या पिंपात, न खपलेल्या पावाचा चुरा, सोयाबीनचं पीठ आणि मळी घालून केलंस. बाबा गेल्यापासून संध्याकाळी परत येणारा पाव पाहून तुझा चेहरा पडायचा. आता तो पाव कामाला लागला.

एक नियम मात्र पाळ. प्रत्येक घाण्याला मी पाठवलेली नवी नळी वापरायची. जिवाणूंचं मूळ बी माझ्या फ्रीजमध्ये आहे, त्यातूनच मी नळ्या भरून पाठवत जाईन. आत्याने यंदा सगळा कोबी आपल्या भरवशावर लावायचं ठरवलंय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला ते जहाल फवारे कायमचे बंद करायला सांगितलेत, आणि कोबी सोडून दे म्हटलं तर ती डॉक्टरच बदलेल. तेव्हा जपून कर.

अक्षर सुधारलंस तर लोभ वाढवीन, तोवर आहे तेवढा ठेव.
ताई

१ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. हात पिठाचे आहेत, कागदावर डाग पडले तर ते तुझ्या आशीर्वादाचे समज.

भट्टीमागच्या खोलीचं रूप तू बघायला हवंस. जिथे बाबा पिठाची पोती रचायचे तिथे आता पिंपं आहेत. माशांच्या टाकीत हवा सोडायचा छोटा पंप असतो ना, तो प्रत्येक पिंपाला लावलाय. दिवसभर अशी बुडबुड चालते की गिऱ्हाइकं विचारतात, मागे काय शिजतंय. मी सांगतो, अळ्यांचं जेवण. मग ती पाव न घेताच जातात. ही म्हणते की धंदा कसा बुडवावा हे माझ्याकडून शिकावं.

पिंपं वाफेने निर्जंतुक करायला वेगळा खर्च नाही, भट्टी तापलेलीच असते. फळीवर बाबांची खमिराची बरणी आहे तशीच आहे. रोज रात्री त्यातलं पिठात घालायचं आणि बरणीत नवं पीठ-पाणी टाकायचं, हे मी चुकवलेलं नाही. तेवढं एक तरी बाबा बघत असते तर बरं म्हणाले असते.

तुझ्या नळ्या मात्र आल्या नाहीत. परीक्षांच्या गडबडीत असशील म्हणून आठवण केली नाही. आत्याचा तगादा होता, रोपं लागलीत, औषध आण. मग मी बाबांचीच रीत केली. मागच्या घाण्यातला एक मग बाजूला ठेवला आणि पुढच्यात ओतला. विरजण लावतात तसं. काय झकास वाढलं म्हणून सांगू, आधीपेक्षा दाट आणि आधीपेक्षा लवकर. त्यातलाच एक मग आता त्यापुढच्यासाठी ठेवलाय. नमुना पाठवतोय. चूक केली असेल तर कान धर, पण पत्रातून धर, प्रत्यक्ष आलीस तर दोन्ही धरशील.

तुझा कानाने अजून शाबूत
टोस्ट

१५ जून

चि. टोस्टला,
आशीर्वाद, आणि नळ्या न पाठवल्याबद्दल थोडी लाज.

उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पलंगावर आहेत आणि मी खुर्चीत झोपते, यावरून ओळख. तुझा नमुना पाहिला. एक थेंब जिवाणू वाढवायच्या प्लेटवर पसरला, तर सकाळी प्लेट जिवाणूंच्या ठिपक्यांनी भरून गेली होती. इतकी वाढ मी प्रयोगशाळेतही क्वचित पाहिली आहे. मायक्रोस्कोप परीक्षेच्या खोलीत कुलपात अडकलाय, म्हणून स्फटिक पाहायचे राहिले. पण एवढी वाढ असताना काळजीचं काही दिसत नाही.

मगाचं वाचून क्षणभर थबकले होते. माझ्या नियमात ते बसत नाही. पण मग बाबा डोळ्यांसमोर आले, बरणी काखेत धरून लाकडी डावाने ढवळताना, आणि आपण दोघं पायरीवर बसून तो आंबूस वास घेताना. बाबांनी खमिरासाठी कधी कोणाच्या पार्सलची वाट पाहिली नाही, हे तू लिहिलं नाहीस पण मला ऐकू आलं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. सध्या असंच चालू दे. नळ्या निवांतपणे पाठवते.

तुझ्या दोन्ही कानांना अभय देणारी
ताई

१० ऑगस्ट

चि. मास्तरीणबाईंना,
आत्याचे आशीर्वाद. मागितले नसलेस तरी घे.

हे पत्र तुझ्या भावाला न सांगता लिहिते आहे. तो बिचारा दर खेपेला स्वतः पिंप घेऊन येतो, पाठीवर पंप बांधतो, ऊन कलल्यावर फवारतो, आणि मग बांधावर बसून अळ्यांकडे असा बघतो जसं काही त्या त्याच्याकडे शिकवणीला आहेत. त्याला काही बोलवत नाही, म्हणून तुला बोलते. तुझं काळीज जरा घट्ट आहे.

सुरुवातीला तुमच्या पाण्याने काम केलं, नाही म्हणणार नाही. पान हलवलं की अळ्या टपटप पडायच्या. शेजारचा माळी बांधावर येऊन विचारून गेला होता की काय मारता. आता पान हलवलं तर त्या वर मान करून बघतात आणि पुन्हा खायला लागतात. मी टोस्टला विचारलं, हे औषध आहे की टॉनिक. एरवी दात काढणारा पोरगा, पण हसला नाही. गड्डे आता भरायला लागलेत. एकदा अळी आत शिरली की संपलं, मग बाहेरून काय पाणी मारायचं ते मारा.

पडवीत जुना डबा आहे अजून, तो जहाल. माळी म्हणतो, मारून टाक एकदाच. डोळ्यांचं काय ते मी बघीन. पण तुझ्या शब्दाखातर हंगाम काढलाय, तर तुला विचारल्याशिवाय डब्याला हात लावणार नाही. तू थांब म्हणालीस तर थांबते. लवकर लिही, अळ्या टपालाची वाट बघत नाहीत.

तुझ्या बापाची बहीण, म्हणजे हट्टी
आत्या

१४ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र आत्ताच मिळालं, उभ्याउभ्याच उत्तर लिहिते आहे.

थांब. त्या डब्याला हात लावू नकोस. नमुना मी स्वतः तपासला आहे, वाढ भरपूर आहे. कदाचित फवारणी उशिरा झाली असेल किंवा पानांच्या खालच्या बाजूला पोचली नसेल. जिवाणूंना वेळ लागतो, ते डब्यातल्या विषासारखे झटपट नसतात. आणखी एक फवारणी करू दे. टोस्टला मी लिहिते आहे. तुझ्या कोबीपेक्षा मला तुझे डोळे महत्त्वाचे आहेत.

माझ्यावर विश्वास ठेव, तुझीच
मास्तरीण

२४ ऑगस्ट

चि. टोस्टला,
आशीर्वाद. पुढचं बसून वाच.

आत्याला थांब असं लिहून झालं आणि पत्र पेटीत पडल्यावर मला प्रश्न पडला, की मी नक्की काय तपासलं होतं. मग पुन्हा किडका कोबी आणला, पुन्हा डबा मांडला. तू परवा पाठवलेल्या नव्या बाटलीतलं पाणी लावलेली पानं अळ्यांनी शिरांसकट खाल्ली. मायक्रोस्कोपखाली जिवाणूंची नुसती जत्रा होती. जिवंत, धडधाकट. स्फटिक शोधून शोधून डोळे दुखले. जवळजवळ नाहीतच.

झालंय ते असं. स्फटिक बनवायला जिवाणूला कष्ट पडतात. पिंपात एखादा निघतो जो ते कष्ट करत नाही, आणि म्हणून इतरांपेक्षा लवकर वाढतो. तू एक मग काढून पुढे ओतलास की त्यात असे जास्त आले. पुढच्या मगात आणखी जास्त. असं करत करत सगळं पिंप त्यांचंच झालं. म्हणून तर ते दाट दिसत होतं आणि लवकर येत होतं. रंग तोच, वास तोच, औषध नाही. हे मी वर्गात शिकवते. तू मगाचं लिहिलं होतंस तेव्हाच मला सांगता आलं असतं, आणि मी चालू दे म्हटलं. तेव्हा चूक कोणाची हे शोधत बसू नकोस, ते मी करते आहे.

आता असं कर. पिंपातलं सगळं ओतून दे. पिंपं, पंपाच्या नळ्या, डाव उकळत्या पाण्याने धू. फळीवर जे जे जुन्यातून पुढे नेलेलं आहे ते ठेवायचं नाही. बाबांची बरणीही. एकाच खोलीत, एकाच डावाने सगळं चाललंय, आता मला कशाचीच खात्री वाटत नाही. नवी नळी या पार्सलात आहे. शून्यापासून सुरू करू. आत्याला मी वेगळं लिहिलंय की आमच्या पाण्यावर विसंबू नकोस. कितपत उपयोग होईल कोण जाणे.

ताई

३१ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू लिहिलंस तसं केलं. पिंपं ओतली, तेव्हा काही वाटलं नाही. मोरीतून पाणी गेलं, एवढंच.

बरणी शेवटी घेतली. आतलं घट्ट होतं, उलटी केली तरी सुटेना, डावाने खरवडावं लागलं. ही दारात उभी होती, मग आत निघून गेली. मोरीत ते बराच वेळ फुगत होतं, वरून पाणी टाकलं तरी. बरणी उकळून उन्हात पालथी घातली आहे. काचेवर तळाशी एक पांढरी रेघ होती, ती कितीही घासली तरी गेली नाही. ती चालेल का, कळव.

सध्या पाव बाजारच्या यीस्टचा करतोय. फुगतो चांगला.

आत्याकडे गेलो होतो. भेटली नाही. झोपलीय असं शेजारणीने सांगितलं. भर दुपारी आत्या झोपलेली मी कधी पाहिलेली नाही.

टोस्ट

१४ सप्टेंबर

चि. मास्तरीणबाईंना,
आशीर्वाद. एका डोळ्याने लिहिते आहे, ओळी वाकड्या गेल्या तर गुण कापू नकोस.

तुझं थांब आलं तेव्हा थांबले. त्यानंतरचं थांबू नको आलं, तोवर अळ्या गड्ड्यांत शिरल्या होत्या. मग मी डबा काढला. वारा माझ्याच बाजूचा होता, हे मला कळायला हवं होतं. एवढी वर्षं फवारते आहे. डॉक्टर म्हणतात उजव्या डोळ्याचं पट्टी सोडल्यावर बघू. डावा ठीक आहे. डाव्याने तुझ्या बापाचा फोटो बघितला, तो पूर्वीइतकाच खडूस दिसतो.

कोबी गाईंना घातला. त्या खूश आहेत. कोणीतरी आहे.

तू पत्रात माफी एवढ्या वेळा मागितली आहेस की वाचता वाचता माझाच धीर सुटला. पुरे. तू मुद्दाम केलं नाहीस हे मला कळतं. पण पुढच्या हंगामात तुमचं पाणी नको. राग म्हणून नाही. पान उलटून बघताना आता माझा जीव थाऱ्यावर राहणार नाही, म्हणून.

तू विचारलंस की तुझ्या बापाने दिलेलं खमीर माझ्याकडे कुठे उरलंय का. लग्नानंतर एकदा वाटीभर दिलं होतं खरं. वर्षभर चालवलं, मग कंटाळले आणि कोंबड्यांना घातलं. त्याला कळलं तेव्हा तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही. पिठाच्या लगद्यासाठी बहिणीशी अबोला धरतो म्हणून मी तेव्हा खूप हसले होते.

येऊन जा कधीतरी. पट्टीकडे बघून रडणार असशील तर नको येऊस.
आत्या

२१ सप्टेंबर

चि. टोस्टला,
आशीर्वाद. पांढऱ्या रेघेचं विचारलं होतंस, त्याचं उत्तर द्यायला इतके दिवस लागले.

ती रेघ चालेल. बरणीही चालली असती. आतलं खमीरही. आपले जिवाणू त्या आंबट पिठात टिकून राहिले नसते, राहिले असते तरी भट्टीत पावाला काही झालं नसतं. आणि मगाने जे बिघडलं ते बरणीत बिघडत नाही. पाव फुगवायचं काम खमीर स्वतःच्या वाढण्यातूनच करतं, तिथे कामचुकार पुढे जात नाहीत. रोज पीठ मागणारं ते, पुढे पुढे नेत राहिलं तरच जगतं. बाबांची रीत बाबांच्या कामासाठी बरोबर होती. मी ती आधी भलतीकडे चालू दिली आणि नंतर जिथली होती तिथूनही काढून टाकायला लावली.

आणि हे मला ते पत्र लिहिताना माहीत होतं. नीट विचारलं असतंस तर सांगू शकले असते. रोजनिशीत मी रोज स्वतःची उलटतपासणी घेते, त्या दिवशी मात्र घेतली नाही. आत्याचा कोबी परत आणता येत नव्हता, तर मला काहीतरी कठोर करून दाखवायचं होतं. ते तुझ्या हातून करवलं. जून महिन्यात ढिलाई केली, ऑगस्टात शिस्त दाखवली. दोन्ही वेळा पत्र तुला आलं.

तू त्या दिवशी फोन का नाही केलास, असं मनात येतं. मग वाटतं, हा प्रश्नसुद्धा तुझ्यावरच ढकलते आहे.

ताई

१२ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. अक्षर बघ, रेघेवर लिहिलंय.

फोन करायला उठलो होतो. ही म्हणाली होती की वाटीभर तरी बाजूला ठेवू, ताईंना काय कळतंय. मीच ठेवू दिली नाही. मला वाटलं, नळीचं एकदा तुझं ऐकलं नाही तर आत्याचा कोबी गेला, आता दुसऱ्यांदा नको. तू चालू दे लिहिलं होतंस हे त्या वेळी डोक्यातच नव्हतं. मला अजूनही ती चूक माझीच वाटते. ही म्हणते, दोघं भावंडं चुकीसाठी भांडता, लहानपणी पावाच्या टोकासाठी भांडायचात तशी.

आत्याची पट्टी सुटली. उजव्याने उजेड दिसतो, अक्षरं नाहीत. मला म्हणाली, बरंय, तुमची पत्रं आता निम्मीच वाचावी लागतील. नवीन नळीचं औषध एक बाटली घेऊन गेलो होतो. तू डब्यातल्या अळ्यांवर तपासून चांगलं म्हणालीस त्यातलीच. तिने हातात घेतली, उजेडात धरली आणि फळीवर रॉकेलच्या कॅनमागे ठेवली. शेजारच्या माळ्याने मात्र दोन पिंपं नेली आणि पुन्हा मागितलीत.

बरणीत नवं खमीर धरलंय. नुसतं पीठ आणि पाणी, रोज. आधी कुबट वास आला, मग आता आंबूस येतो. कालपासून त्याचाच पाव करतोय. गिऱ्हाइकांपैकी कोणी काही म्हणालं नाही. मला कळेना म्हणून तुला एक पाठवतोय. बाबांसारखा झालाय का ते तूच सांग. तुझं नाक माझ्यापेक्षा चांगलं होतं.

टोस्ट

१९ ऑक्टोबर

चि. टोस्टला,
आशीर्वाद, सगळे, काही हातचं न राखता.

पाव पोचला. कापडात गुंडाळला होतास म्हणून मऊ राहिला होता. कापला, वास घेतला, एक तुकडा नुसता खाल्ला, एक लोणी लावून. मग खिडकीशी बसून पुन्हा एक नुसता. चांगला झालाय. पोत चांगला, कवच कुरकुरीत, आंबटपणा आहे.

बाबांसारखा आहे का, ते मला सांगता येत नाही. वाटतो तसाच. पण जूनमध्ये तुझं पिंपही मला तसंच वाटलं होतं. तिथे निदान थेंब काचेखाली धरून काय उरलंय, काय गेलंय ते बघता आलं. इथे कशाखाली धरू? बाबांच्या पावाची चव मला आठवते असं धरून मी इतकी वर्षं चालले होते, आणि आता तोंडात घास असताना आठवत नाही. तुझ्या पत्रांतला हा पहिला प्रश्न असेल ज्याला मी माहीत नाही असं उत्तर देते आहे. आधीही द्यायला हवं होतं.

पुढच्या रविवारी मी आत्याकडे येते. रडणार नाही असं तिला सांग. तिच्या कॅनमागची बाटली मी काढायला सांगणार नाही.

उरलेला पाव टाकवला नाही, संपवलाही नाही. खिडकीत वाळवून चुरा केलाय, तो या डब्यात आहे. माळ्याच्या पुढच्या घाण्यात घाल. चुऱ्याखाली कापसात नळी आहे, जपून काढ. ताजी भरली आहे. स्फटिक मी पाहिलेत.

पत्राला आळस केलास तरी लोभ आटणार नाही,
ताई